अक्का, बोट चालू होती

अक्का, बोट चालू होती. तू विचारलंस त्या संध्याकाळीही चालू होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही. बंद आहे म्हणून मी तुला सांगितलं ते धडधडीत खोटं होतं. तू जाऊन दीड महिना झाला, आणि एवढं एक वाक्य मला तुझ्या फोटोसमोर म्हणता आलेलं नाही. समोर तू दिसलीस की, फोटोत का असेना, माझं तोंड भांडायलाच उघडतं, ही लहानपणापासूनची खोड आहे. म्हणून लिहायला बसले. नांदेडच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं लोकांचे अर्ज तपासण्यात गेली. त्यात माफीचा अर्ज एकही आला नव्हता, त्यामुळे याचा नमुना काही माझ्याकडे नाही.

तू निवृत्त झालीस म्हणून तुझ्या लेकीनं, स्वातीनं, अलिबागजवळ समुद्राकाठी चार दिवस एक घर घेतलं होतं. तुला एकटीला करमायचं नाही म्हणून मलाही बरोबर घेतलं. तू लातूरहून आलीस, मी नांदेडहून, आणि पुण्यातून स्वातीनं आपल्याला गाडीत घातलं. घाट उतरताना मागून फाटकन आवाज झाला आणि गाडीभर आंबूस वास सुटला. ज्वारीच्या पिठाची आंबील तू प्लास्टिकच्या बाटलीत घट्ट बूच लावून आणली होतीस. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, आणि आंबील फुगते हे विसरली. स्वाती चिडली, मी हसून हसून बेजार झाले, आणि तू गंभीरपणे म्हणालीस, "उरली हाय की अर्धी."

समुद्र तू आयुष्यात पहिल्यांदा पाहिलास. मला वाटलं आता हात जोडशील, डोळे पुसशील. तू पाच मिनिटं बघत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "इतकं पानी, अन् एक घागर कामाचं न्हाई." लातूरच्या माणसाला पाण्याचं कौतुक सांगू नये, हे मी त्या दिवशी शिकले.

आंबील कशाला आणली होती ते दुसऱ्या दिवशी कळलं. स्वातीनं कॅलेंडर न बघता तारखा घेतल्या होत्या आणि आपल्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी येळवस येत होती. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूरकडे त्या दिवशी घराला कुलूप आणि सगळं गाव शेतात. हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, तिथं पूजा, मग बेसन लावलेली सोल्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. जेवायला कुणीही चालतं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवायचं, आणि त्यानंही नाही म्हणायचं नसतं. येळवसाला आपण गावात नाही असं तुझ्या जन्मात झालं नव्हतं. मी म्हटलं, एक वर्ष नाही केली तर काय बिघडतं. तू पिशवी उघडून दाखवलीस. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे सोले, बेसन, चिंच, सगळं घरून बांधून आणलं होतंस. घरमालकीण काकूंना विचारून त्यांचा गॅसही ठरवून ठेवला होतास.

त्याच दुपारी तू व्हरांड्यात चष्मा लावून बसलीस आणि कागद काढलास. तो कागद मी ओळखते. सगळा चाकूर तालुका ओळखतो. शाळेची सहल काढायची तर तुझ्याइतकी कुणाची हिंमत नव्हती, कारण तुझ्या कागदात मिनिटाला जागा असायची. आता सहल होती तीन बायकांची, अलिबागेहून मुंबई, एका दिवसात जाऊन यायचं.

"येळवस अन् मुंबई? हे काय नवीन?" मी विचारलं.

"इतक्या लांब आलो तर बघून घिऊ की. काकू म्हनल्या मांडव्याहून बोट हाय, तासात पलीकडं."

कागद तू माझ्या हातात दिलास. पावणेसहाला उठणे. साडेसहाला चहा (शोभाने दुसऱ्यांदा मागू नये). सव्वासातला निघणे. बोटीत चढण्याआधी सर्वांनी लघवीला जाऊन येणे. साडेनऊला पलीकडे. दहा ते अकरा समुद्राकाठच्या मोठ्या इमारती बाहेरून पाहणे. साडेतीनला चौपाटी. पाचला परतीची बोट. आणि अकरा ते तीनच्या पुढे काहीच नव्हतं. कोरं.

"अकरा ते तीन काय?"

"जेवन."

"चार तास जेवण?"

"येळवसाचं हाय की," म्हणालीस आणि चष्मा पुसायला लागलीस.

तुझ्या सहलीत दहा मिनिटं कोरी सापडली तरी तू तिथे 'पोरं मोजणे' लिहायचीस. चार तास तू उगाच कोरे ठेवणार नाहीस. शिवाय सोले दहा-बारा माणसांना पुरतील एवढे होते, आणि आपण तिघी. मुंबईत आपलं म्हणावं असं एकच घर आहे, विलासदादाचं. तुझा पाठचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आपला एकुलता एक भाऊ. त्याचं नाव तू घेतलं नाहीस आणि मीही घेतलं नाही. पण येळवसाचं बोलावणं मोडता येत नाही, आणि दारात आलेल्या माणसाला येळवसाला परत पाठवता येत नाही, हे दोन्ही नियम धरून तू आम्हा दोघांना एका पंगतीत बसवायला निघाली होतीस. मुख्याध्यापिकाच ती. दोन भांडखोर पोरांना एका बाकावर बसवायची सवय जाते कुठे.

सहा वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते. का, ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना ते मलाच लहान दिसतं का बघायचं आहे. अण्णांना दादानं उपचाराला मुंबईला नेलं होतं. पहाटे ते गेले. मला फोन आला तेव्हा मी नांदेडमध्ये, मिळेल ती गाडी धरली, आणि पोचले तर सगळं आटोपलेलं. दादा माझ्यासाठी थांबला नाही. अण्णांचं तोंड मला बघायला मिळालं नाही. मी चप्पलही न काढता त्याच्या दारात, दहा माणसांसमोर म्हणाले, "बापाची अडचण झाली होती तुला. झालास मोकळा." त्याच्या घरचं पाणीसुद्धा न घेता परत फिरले.

तू तेव्हा तिथेच होतीस. अण्णांची शुश्रूषा करायला महिनाभर राहिली होतीस, घर आणि दवाखाना सोडून मुंबईतलं काही न बघता. हा आपला न संपलेला वाद. मी दादाचं नाव काढून बोटं मोडली की तू म्हणायचीस, "मी बी होते की तिथं. लोकं जास्त येळ ठिवू नका म्हनल्यावर मी बी हो म्हनले होते. मला बोल की." मी तुला कधीच बोलले नाही. तुला बोलले असते तर मला रडायला कुणाची मांडी राहिली असती? आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. दहावीच्या पेपरला तू केंद्राबाहेर तीन तास उन्हात उभी असायचीस. सावलीला का बसली नाहीस विचारलं तर म्हणायचीस, "तू भाईर आल्यावर मी दिसाया पायजे की." तुझ्यावर रागवणं मला परवडणारं नव्हतं. म्हणून तुझ्या वाट्याचाही राग मी दादाच्या खात्यावर टाकला. त्याच्याशी अबोला धरणं सोपं होतं.

तर त्या संध्याकाळी तू म्हणालीस, "शोभे, बोटीवाल्याला फोन लाव, तीन जागा सांग." स्वाती आत लॅपटॉपवर होती. मी काकूंच्या फाटकापर्यंत गेले, फोन कानाला लावला, कुणालाच लावला नाही. नारळाच्या झाडाकडे बघत पाच मिनिटं हाव हाव, बरं बरं केलं. परत येऊन म्हणाले, "समुद्र खवळलाय म्हणे. उद्या बोटी बंद हायत."

समुद्र समोर होता. परातीतल्या पाण्याइतका शांत. बोटी पावसाळ्यात बंद असतात, हिवाळ्यात नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मला नव्हतं. आपल्याकडे धरण कधी भरतं एवढंच माहीत असतं. तू एकदा समुद्राकडे बघितलंस, एकदा माझ्याकडे, आणि म्हणालीस, "बरं."

सकाळी आपण दोघी भज्जी हलवत होतो तर काकू आत येऊन सहज म्हणाल्या, "माझा भाऊ आत्ताच गेला बोटीनं. तुम्हीही जाणार होतात ना?" माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तू चिंचेचा कोळ ओतत, वर न बघता म्हणालीस, "आमच्या हिचं पोट बिघडलंय हो. म्हनून राहिलो." बस. एवढंच. मी शिव्यांची वाट बघत होते. नजरेची तरी. तू मीठ चाखून बघायला माझ्या तळहातावर भज्जी दिलीस.

नंतर तू मागच्या अंगणात जाऊन फोन केलास. मी मोरीत हात धूत होते, खिडकी उघडी होती. "इलास, न्हाई जमत रे यायला. माझाच दम भरून राहिला सकाळपासून. बोटीत चढवायचं न्हाई. … न्हाई न्हाई, शोभा तयार होती. शोभा कपडे करून बसली होती. माझ्यामुळंच ऱ्हायलं." तो काहीतरी म्हणाला असेल. तू म्हणालीस, "तू कशाला येतो इकडं? दमच हाय, जाईल की."

तेव्हा मी बाहेर यायला हवं होतं. तुझ्या हातातून फोन घ्यायला हवा होता. मी नळ जोरात सोडला.

मग तू सुरूच्या झाडांखाली वाळूत चादर अंथरलीस आणि येळवस केलीस. पाच खडे मांडून पूजा केली, उरलेली आंबील शिंपडली. काकूंना, त्यांच्या सासूला, जाळी सुकवणाऱ्या दोन माणसांना, सोलापूरच्या एका नवीन जोडप्याला, सगळ्यांना हाताला धरून बसवलंस. ती नवरी लाजत होती, तर तिला म्हणालीस, "आज नको म्हनायचं नसतं बाई." इतकी चांगली भज्जी तुझ्या हातून आधी कधी झाली नव्हती. मी तीनदा घेतली. पोट बिघडलेल्या माणसानं तीनदा घेतली, आणि काकू बघत होत्या.

संध्याकाळी ओहोटी लागल्यावर आपण पाण्यातल्या किल्ल्यापर्यंत चालत गेलो. साडी घोट्यावर खोचून तू पुढे, मी मागे. तटावरच्या पायऱ्या तू न थांबता चढलीस. मी मध्ये दोनदा बसले. वरून तू हाक मारलीस, "ये की गं म्हातारे." दम तुला नव्हता अक्का. मी बघितलं आहे. त्या वाक्याला दुसरा साक्षीदार नाही, मीच आहे.

वर आपण बराच वेळ बसलो. पलीकडे, जिथं मुंबई असणार तिथं, धुरकट होतं. मी आता सांगते, आता सांगते म्हणत राहिले. तूही काही काढलं नाहीस. उठताना एवढंच म्हणालीस, "पुढच्या येळवसाला शेतातच करू. त्याला तिकडंच बोलवू." मी हूं केलं. त्या हूंमध्ये मी हो म्हणाले होते का, हे मला आजही ठरवता येत नाही.

फाल्गुनात पहाटे स्वातीचा फोन आला. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. सकाळी मी लातुरात होते. तू बैठकीत निजलेली, आणि भोवती माणसं घड्याळं बघत होती. दुपारी बाराच्या आत उरकू, ऊन फार आहे, असं कुणी कुणी म्हणायला लागलं. मी उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, विलासदादा आल्याशिवाय उचलायचं नाही. थोरल्या चुलत्यांनी समजावलं, मुंबई जवळ आहे का, माणसं खोळंबलीत. मी म्हटलं, ज्यांना घाई आहे त्यांनी जावं. तुझ्या घरात तुझ्या माणसांशी इतकं वाकडं मी कधी बोलले नव्हते. पण तुझ्या मागे पहिल्यांदा मी काही नीट केलं असेन तर तेवढंच.

दादा ऊन कलल्यावर पोचला. केस सगळे पांढरे झालेत गं त्याचे, तू मला सांगितलं नव्हतंस. तुझ्या पायाशी बसला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "थांबलीस." मला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता. सहा वर्षांनी आम्ही एकमेकांना धरून रडलो, आणि तुझा तो कोरा ठेवलेला वेळ असा भरला, तू नसताना.

स्मशानातून आल्यावर तो अंगणातल्या टाकीपाशी बसून होता. मी पाणी नेलं. तेव्हा म्हणाला, "मला तिनं सांगितलं होतं शोभा. येळवसालाच. दम भरून राहिला म्हनली होती. मी बोटीत बसून पलीकडं गेलो असतो, अन् तिला तसंच उचलून डॉक्टरला दाखवलं असतं, तर आज ती असती." माझ्याकडे बघत विचारलं, "लई दम लागत होता का गं तिला?"

मी म्हणाले, "थोडा."

अक्का, बोटीचं खोटं मी रागानं बोलले, त्याची लाज आहे. या 'थोडा'ची जी आहे तिला मला शब्द सापडत नाही. एक क्षण होता. मी खरं सांगितलं असतं तर त्याचं ओझं उतरलं असतं. पण दोन तासांपूर्वी मिळालेला भाऊ हातचा गेला असता. मी भाऊ ठेवला आणि ओझंही त्याच्याच डोक्यावर ठेवलं.

मग तो रोज संध्याकाळी फोन करायला लागला. इकडचं तिकडचं, आणि शेवटी तेच. पायऱ्या चढताना लागत होता का. घाम येत होता का. चेहरा कसा दिसत होता. मी थोडं थोडं सांगत गेले. एका खोट्याला रोज एक टेकू. एकदा तर म्हणाले, हो, मधे बसली होती. बसले होते मी. वहिनी एकदा हळूच म्हणाल्या, "शोभाताई, हे जेवत नाहीत नीट. हृदयविकाराची माहिती वाचत बसतात. मी गेलो नाही, मी गेलो नाही, एवढंच चाललंय." तरी मी पुढचे आठ दिवस घालवले. तू असतीस तर कान धरून उभी केली असतीस.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. त्यानं प्रश्न विचारायच्या आत मी बोलले.

"दादा, तिला दम लागत नव्हता."

"काय?"

"काहीच झालं नव्हतं तिला. संध्याकाळी किल्ल्याच्या पायऱ्या माझ्याआधी चढली. हसत होती."

"मग आली का न्हाई?"

"मी खोटं सांगितलं तिला, बोट बंद हाय म्हणून. मला तुझ्या दारात यायचं नव्हतं. तिला सकाळीच कळलं होतं. मला झाकायला तिनं तुला तसं सांगितलं."

तो म्हणाला, "अन् मी रोज इचारून राहिलो होतो, तवा?"

मी नुसतं "दादा" म्हणाले.

"दीड महिना, शोभा. रोज," म्हणाला, आणि फोन ठेवला.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी नाही. मी लावला तर कुणी उचलला नाही. आज दुपारी वहिनींचा आला. म्हणाल्या, "तुमचं नाव काढायचं नाही म्हणालेत. मी चोरून करतेय फोन." मग म्हणाल्या, "पण जेवायला लागलेत. ते वाचणंबिचणं बंद केलंय. आज जेवून आडवे झाले ते गाढ झोपलेत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. उठवून देऊ का? मी समजावते त्यांना, तुम्ही बोला दोन शब्द."

मी म्हटलं, नको वहिनी. झोपू द्या त्याला.